‘पैसे नाहीत’ म्हणता येतं, ‘देणार नाही’ म्हणता येत नाही

वाचकाचं पत्र

मॅडम, मी ३७ वर्षांची आहे. इचलकरंजीजवळ राहते. आमचे हे शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत सुपरवायझर आहेत. मी घरी शिकवण्या घेते. दोन मुलं आहेत. लग्नाला १३ वर्षं झाली, पण ह्यांचा पगार नेमका किती हे मला आजही माहीत नाही. महिन्याला १८,००० घरखर्चाला देतात, कमी पडले तर मागायचे.

मागच्या महिन्यात घरी पतसंस्थेची नोटीस आली. ह्यांच्या मावसभावाने २०२१ मध्ये जुने यंत्रमाग घ्यायला साडेतीन लाखांचं कर्ज काढलं होतं, त्याला हे जामीन आहेत. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. भाऊ हप्ते भरत नाही. व्याजासकट ४,१२,००० थकलेत. मी विचारलं तर ‘तुला काय करायचंय, मी बघतो’ म्हणाले आणि ताटावरून उठले. तेव्हापासून घरात कामापुरतंच बोलणं आहे.

खरं सांगायचं तर मीही एक गोष्ट लपवली आहे. शिकवणीच्या पैशांतून मी भिशी लावते, आणि माहेरी आईच्या नावावर १,४०,००० ची ठेव ठेवली आहे. सांगितलं तर ते पैसे मावसभावाच्या खड्ड्यात जातील अशी भीती वाटते. आम्ही दोघं शिकलेले आहोत. मुलांचं, सासूबाईंच्या आजारपणाचं, सगळं एकमेकांशी बोलतो. पैशाचा विषय निघाला की दोघांचीही तोंडं शिवल्यासारखी होतात. असं का होतं? आणि मी आता काय करू? कृपया नाव छापू नका.

उत्तर

ताई,

आधी नोटिशीचं बोलू, कारण तिला तारीख असते. मनातलं चार दिवस उशिरा बोललं तरी चालेल, तारखेचं तसं नाही.

नोटीस पुन्हा काढा आणि ती कुणाच्या सहीची आहे ते बघा. नुसत्या पतसंस्थेच्या लेटरहेडवर असेल तर ती मागणीची नोटीस आहे. वर उपनिबंधक किंवा सहायक निबंधक, सहकारी संस्था असं लिहिलेलं असेल आणि मजकुरात ‘कलम १०१’ असेल, तर गोष्ट पुढे गेलेली आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या त्या कलमाखाली वसुलीचा दाखला मिळावा म्हणून संस्थेने अर्ज केला आहे, आणि खाली सुनावणीची तारीख दिलेली असेल. त्या तारखेला तुमच्या यजमानांनी जायलाच हवं. लाजेने घरी बसलेले जामीनदार मी खूप पाहिले. गेलो नाही म्हणजे टळलं, असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात दाखला त्यांच्या पाठीमागे निघतो, आणि मग वसुली अधिकारी थेट पगारावर आणि मालमत्तेवर येऊ शकतो. त्या दाखल्याविरुद्ध वर दाद मागायची तर थकबाकीची निम्मी रक्कम आधी संस्थेत भरावी लागते. म्हणून बोलायची सगळ्यात स्वस्त जागा पहिली सुनावणी हीच. तिथे कर्जाचा खातेउतारा मागा. किती हप्ते भरले, ते सगळे जमा दाखवलेत का, व्याज कोणत्या दराने लावलं, दंडव्याज किती, हे ओळीने तपासा. एकरकमी परतफेडीत संस्था काही सूट देते का, हेही लेखी विचारा.

‘मी फक्त सही केली होती’ हे वाक्य तिथे उपयोगाचं नाही. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे, आणि त्याचं १२८ वं कलम असं की करारात वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. संस्थेने आधी मावसभावाच्या मागे लागावं आणि मग जामीनदाराकडे यावं, असं बंधन नाही. बंद पडलेल्या मागापेक्षा चालू पगाराकडून वसुली सोपी असते, म्हणून संस्था पगाराकडे आधी वळते.

पण त्याच कायद्यात जामीनदाराच्या बाजूचंही आहे, आणि ते त्याला सहसा कुणी सांगत नाही. जामीनदाराने पैसे भरले तर ते कर्जदाराकडून वसूल करायचा हक्क त्याला मिळतो. माग कर्जाला तारण असतील तर त्या तारणावरचा संस्थेचा हक्कही त्याच्याकडे येतो. पतसंस्था सहसा दोन जामीनदार घेते. दुसरा कोण आहे ते शोधा. एकट्याने सगळं भरलं तर दुसऱ्याकडून त्याचा वाटा मागता येतो. त्यासाठी एक रुपयाही रोख भरू नका. यजमानांच्या खात्यातून भरा आणि पावतीवर ‘जामीनदार म्हणून’ असं लिहून घ्या. आणि एखादा वकील गाठा. चार लाखांच्या कामात सल्ल्याचे पैसे वाचवू नयेत.

तुमच्या भीतीचं उत्तरही इथेच आहे. तुम्ही त्या कर्जावर सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केलेली नसेल, तर यजमानांच्या जामीनकीसाठी तुमची भिशी, तुमची ठेव, तुमचं स्त्रीधन यांना कुणी हात लावू शकत नाही. हे नीट ध्यानात ठेवा, पुढे त्याचा उपयोग आहे.

आता तुमचा ‘असं का होतं’.

मी ३१ वर्षं बँकेत नोकरी केली, त्यातली निम्म्याहून जास्त काउंटरवर. पासबुक भरून घ्यायला आलेला माणूस, पासबुक हातात पडलं की आधी शेवटच्या ओळीवर तळहात ठेवायचा. मग तो तळहात जरासा सरकवून स्वतःपुरतं बघायचा आणि पासबुक मिटून खिशात. शिल्लक ४०० असो की ४ लाख, तळहात तसाच पडायचा. कुणी शिल्लक विचारली आणि मी आकडा जरा मोठ्याने सांगितला, तर माणूस दचकून मागच्या रांगेकडे बघायचा. पुढे पुढे मी आकडा चिठोऱ्यावर लिहून सरकवायला लागले. ज्याच्याकडे कमी आहे तो झाकतो, हे कळतं. ज्याच्याकडे भरपूर आहे तो का झाकतो, हे मला पुष्कळ वर्षं उमगलं नव्हतं.

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ऐकतच आपण मोठे होतो. अब्रूचा भाग त्यात आहेच. तुमच्याच भागात बघा, शेतकऱ्याला यंदा ऊस किती गेला विचारा, टन सांगेल. बिल किती झालं विचारा, ‘बरं झालं’ म्हणेल. नोकरदार पोराला पगार विचारा, ‘भागतंय’ म्हणेल. लग्नाच्या बैठकीत ‘आमची काही अपेक्षा नाही, तुमच्या मुलीला तुम्हाला जे द्यायचं ते द्या’ असं म्हणणाऱ्याच्या मनात आकडा असतो, आणि समोरच्याच्या मनात तो आकडा ओळखायची धास्ती असते. आकडा तोंडातून निघाला की माणसाची किंमत ठरली, असं आपण धरून चाललोय.

पण मला अब्रूपेक्षाही मोठं कारण दुसरं वाटतं. आपल्याकडे जवळच्या माणसाला ‘देणार नाही’ म्हणता येत नाही. ‘नाहीत’ म्हणता येतं. ‘देणार नाही’ म्हटलं की नातं तुटतं, चुलत्यापर्यंत बातमी जाते, पुढच्या लग्नात पाहुणे पाठ फिरवून बसतात. ‘आत्ता नाहीत रे, असते तर दिले नसते का’ म्हटलं की दोघांचीही लाज राहते आणि चहा घेऊन माणूस उठतो. नकाराचं एवढं एकच सभ्य वाक्य आपल्या पदरात आहे. मात्र ते वाक्य खरं वाटायचं तर आपल्याजवळ किती आहेत हे कुणालाच माहीत असून चालत नाही. ज्याला पगार माहीत आहे, त्याला ‘नाहीत’ सांगता येत नाही. म्हणून मूठ झाकायची. आधी पाहुण्यांपासून, मग भावंडांपासून. बायकोच्या तोंडून आईच्या कानावर जाईल म्हणून बायकोपासून. नवरा ओघात भावाला बोलून जाईल म्हणून नवऱ्यापासून. आकडा लपवणाऱ्या माणसाला पैशाचा लोभ असतोच असं नाही. पुष्कळदा त्याला फक्त ‘नाही’ म्हणायची भीती असते.

आता तुमच्या यजमानांचं २०२१ मध्ये काय झालं असेल, ते या बाजूने बघा. मावसभाऊ उसने मागायला आला असता तर ते ‘सध्या नाहीत’ म्हणून सुटले असते. त्याने पैसे मागितलेच नाहीत. ‘दादा, तुझा एक रुपया नको, फक्त सही पाहिजे’ म्हणाला असेल. सही नाही माझ्याकडे, असं कुणाला म्हणता येतं? सही प्रत्येकाकडे असते. आपल्या जवळचं नकाराचं एकुलतं एक वाक्य जामीनकीपुढे चालत नाही, म्हणून मोजून मापून वागणारी माणसंही जामीनकीत अडकतात. सही झाली, आणि घरी सांगायची हिंमत राहिली नाही, कारण तुम्ही ‘करू नका’ म्हणाला असतात आणि सही तर झालेली होती. चार वर्षं तो माणूस हे एकटा वाहतोय. तुमच्यावर तो चिडला हे खरं, त्याने सांगायला हवं होतं हेही खरं. पण ताटावरून उठला तो रागाने कमी आणि लाजेने जास्त, असं मला तुमचं पत्र वाचून वाटतं.

हे मी घरातलं बघून सांगते. माझे वडील साखर कारखान्यात स्टोअरकीपर होते. १९९६ साली ते गेले. दहाव्यानंतर त्यांच्या पेटीत खिशात मावणारी एक वही सापडली, निळ्या रेक्झिनची. आत बारीक अक्षरात नोंदी: बा. ५००. शि. २,०००. पुन्हा बा. ३००. अशी चार पानं. पुढे जमा झाल्याची खूण क्वचित कुठे. आईने ती वही डोळ्यांजवळ धरून कितीतरी वेळ बघितली. तिला एकही अक्षर लागलं नाही. ज्या वर्षी त्यांनी कुणा ‘शि.’ला दोन हजार दिले होते, त्या वर्षी तिने माझ्या धाकट्या भावाची कॉलेजची फी भरायला पाटल्या मोडल्या होत्या. अण्णा तिला म्हणाले होते, ‘सध्या नाहीत.’ तेव्हा ते खरंच नव्हते. कुठे गेले, ते मात्र सांगितलं नव्हतं. पुढच्या दिवाळीत एक अनोळखी गृहस्थ आले, ८०० रुपये देव्हाऱ्यापाशी ठेवले, पाया पडले आणि गेले. त्यांच्या गावाचं नाव ऐकून कळलं की ‘बा.’ हे अक्षर माणसाचं नव्हतं, गावाचं होतं. ‘शि.’ कधीच आला नाही. आई अण्णांवर त्या पैशांसाठी रागावली नाही. ‘मला सांगितलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी त्या माणसाच्या दारात जाऊन उभी राहिले असते’, एवढंच ती शेवटपर्यंत म्हणत राहिली.

इतकं बघूनही स्वतःच्या संसारात मीही तेच केलं होतं. बँकेत मला बढती मिळाली आणि माझा पगार ह्यांच्यापेक्षा पुढे गेला. मी घरी बढती सांगितली, आकडा सांगितला नाही. ह्यांना वाईट वाटेल असं मनाशी धरलं होतं. १९९४ मध्ये घरकर्जाचा अर्ज भरताना ‘पत्नीचे उत्पन्न’ असा रकाना आला आणि तो मला ह्यांच्यासमोर भरावा लागला. ते थोडा वेळ आकड्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘एवढे येत होते, तर गेल्या वर्षी मी ओव्हरटाइम करून आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन का केलं?’ मला उत्तर देता आलं नाही. त्यांना कमीपणा वाटेल म्हणून मी लपवलं होतं, आणि त्या लपवण्यापायी ते चार महिने रात्री दहाला घरी येत होते.

तुमची भिशी आणि ठेव याच जातीची आहे, पण तिला मी दोष देणार नाही. बाईने बाजूला टाकलेल्या पैशावर आपल्याकडे किती घरं उभी राहिली आहेत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ५०० आणि १,००० च्या नोटा बाद झाल्या, तेव्हा माझ्या निवृत्तीला काही महिने राहिले होते. दुसऱ्या आठवड्यापासून दुपारच्या वेळी बायका यायला लागल्या. एकट्या, घाईत. पिशवीतून प्लॅस्टिकची घडी, घडीत नोटा. त्या नोटांना डाळीचा, हिंगाचा, डांबरगोळीचा वास असायचा. एक बाई माझ्या काउंटरवर २३,५०० रुपये घेऊन आल्या. स्लिप भरायला मी मदत केली. सही करायच्या आधी त्यांनी वाकून विचारलं, ‘मॅडम, ह्याचा मेसेज मिस्टरांच्या मोबाइलवर तर जाणार नाही ना?’ जाणार होता, खात्याला नंबर त्यांचाच होता. मी तसं सांगितलं. त्या बराच वेळ काउंटर धरून उभ्या राहिल्या, मग पैसे परत पिशवीत घालून गेल्या. त्या पैशांचं काय झालं, मला कळलं नाही. किती तरी घरांत त्या महिन्यात डबे उघडले, आणि नवऱ्यांना कळलं की आपल्या बायकोने पैशाला पैसा जोडत एवढं साठवलंय. काही घरांत कौतुक झालं, काही घरांत भांडणं झाली, काही घरांत ते पैसे त्याच दिवशी नवऱ्याच्या देण्यात गेले.

म्हणून तुमची भीती खोटी नाही. पण तुमच्या ठेवीला खरा धोका मावसभावाकडून नाही, ती जिथे आहे तिथेच आहे. आईच्या नावावर ठेवलेले पैसे कागदावर आईचे. आईनंतर ते आईच्या सगळ्या वारसांचे. तुमचं नाव नॉमिनी म्हणून लावलेलं असलं तरी नॉमिनी मालक होत नाही. बँक त्याच्या हाती पैसे देते ते वारसांच्या वतीने. तुमचे भाऊ सज्जन असतील, पण ‘हे पैसे ताईचे’ याचा एकही कागद नाही. आई हिंडत्याफिरत्या आहेत तोवर ती ठेव मोडून रक्कम तुमच्या एकटीच्या खात्यात घ्या. आईकडून मुलीला आलेल्या रकमेवर आयकर लागत नाही. भिशी ठेवा, मात्र ती ओळखीच्या बायकांच्या भरवशावर चालते, बुडाली तर दाद मागायला जागा नाही हे लक्षात ठेवून तिच्यात सगळं घालू नका.

आणि मग यजमानांना सांगा. हो, आकड्यासकट.

एक गोष्ट आधी विचारते, तिचं उत्तर मला नको, स्वतःला द्या. ते हात उगारतात का? तुमच्याकडचे पैसे, दागिने याआधी कधी हिसकावून घेतलेत का? उत्तर ‘हो’ असेल तर पुढचं काही करू नका. ठेवीबद्दल एक शब्द बोलू नका, आणि महिलांसाठीच्या १८१ या हेल्पलाइनवर बोला. पैशावरून केलेला छळ हाही २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात छळच धरलेला आहे. तुमच्या पत्रात मला तसं काही दिसलं नाही, म्हणून पुढे लिहिते.

जेवताना विषय काढू नका. सासूबाई ऐकत असताना तर नाहीच. रविवारी मुलं खेळायला गेली की नोटीस घेऊन त्यांच्या शेजारी बसा. समोर नको, शेजारी. समोर बसलं की जाबजबाब होतो. शेजारी बसलं की दोघांची नजर कागदावर राहते. ‘का लपवलं’ हे विचारायचं नाही, ते त्यांना स्वतःलाही नीट सांगता येणार नाही. तुमच्या शब्दांत साधारण असं म्हणा: ‘तुमचा पगार किती हे मी विचारायला आलेली नाही. या तारखेला मी तुमच्याबरोबर येणार आहे. आणि तुम्ही एक सांगितलं नाही, तसं मीही एक सांगितलेलं नाही. माझ्याकडे इतके इतके आहेत, अमुक ठिकाणी आहेत.’

इथे थांबून लगेच दुसरं वाक्य बोला, त्याच दमात: ‘हे पैसे जामीनकीला द्यायचे नाहीत, असं मी ठरवलंय. मुलांसाठी आहेत.’

सांगणं म्हणजे देणं नव्हे. आकडा उघडा ठेवून ‘देणार नाही’ म्हणता येतं, आणि म्हटल्यावरही माणूस शेजारीच बसलेला असतो, हे तुमच्या घरात कुणीतरी पहिल्यांदा करून दाखवायला हवंय. कायदा तुमच्या बाजूने आहे हे वर सांगितलंच. कदाचित ते म्हणतील, ‘मला काय, मी मरतोय आणि तू साठवत बसलीस.’ म्हणू दे. ऐकून घ्या, उलट बोलू नका, आणि देऊही नका. पुढे सगळा हिशोब दिसल्यावर त्यातले थोडे द्यावेसे तुम्हाला स्वतःला वाटले तर ती वेगळी गोष्ट. ते तेव्हा ठरवा, त्या रविवारी नको.

ते आपला आकडा त्याच बैठकीत सांगतील असं धरून चालू नका. दोन-तीन आठवडे जातील. पतसंस्थेत पगारपत्रक लागेल, तेव्हा ते आपोआप तुमच्या हातात येईल. आलं की आश्चर्य दाखवू नका, कमी असला तरी, जास्त असला तरी.

मावसभावाकडे दोघं मिळून जा, शक्यतो तुमच्या मावससासूबाई घरात असताना. मागाचा धंदा बसलेला माणूस फोन उचलत नाही, म्हणून तो पैसे बुडवायलाच निघालाय असं होत नाही. लाज त्यालाही आहे. माग चालू आहेत की बंद, विकले तर काय येतील, महिन्याला किती जमेल, हे त्याच्याकडून लिहून घ्या. खाली सही त्याची, तारीख घालून. आपल्यात लिहून घेणं म्हणजे अविश्वास समजतात. त्याला सांगा, सही करायला त्यानेच आमच्या ह्यांना शिकवलं.

यापुढे कुणी मागायला आलं तर ‘नाहीत’ म्हणायचं नाही, दोघांनीही नाही. ‘आम्ही दोघं बोलून सांगतो’ म्हणायचं, आणि खरंच बोलायचं. मग जे ठरेल ते सरळ सांगायचं: ‘पाच हजार देऊ, ते आले नाहीत तरी चालतील. त्याहून जास्त देणार नाही. सही करणार नाही.’ पहिल्यांदा फार जड जाईल. वीस हजार किंवा त्याहून मोठी रक्कम हातउसनी द्यायची-घ्यायची झाली तर ती रोखीत बसत नाही, आयकर कायद्याने ती बँकेतूनच जावी लागते. ते बरंच आहे, नोंद राहते.

नोटिशीचं मार्गी लागलं की एका संध्याकाळी वहीचं एकच पान लिहा. पगार, कापून हातात किती, हप्ते, विमा, ठेवी कुठे आणि कुणाच्या नावावर, सोनं, दिलेले उसने, घेतलेले उसने, आणि शेवटी जामीनकी: अजून कुठे सही केली आहे का? बँकेच्या कर्जाला जामीन राहिलेलं असेल तर ते सिबिलच्या, म्हणजे कर्जांची नोंद ठेवणाऱ्या कंपनीच्या, अहवालातही सहसा दिसतं. वर्षातून एकदा तो पूर्ण अहवाल फुकट मिळतो, दोघांचाही काढा. पूर्ण नावं लिहा, आमच्या अण्णांसारखं एकेक अक्षर नको.

हे पान का, ते सांगते. नवरा गेल्यावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आलेली एक बाई मला आठवते. डब्यात ठेवींच्या पावत्या होत्या, काहींची मुदत संपून नऊ-दहा वर्षं झालेली. दोन पावत्यांवर नॉमिनी म्हणून सासूबाईंचं नाव, त्या कधीच्याच गेलेल्या. स्वतःच्याच पैशांसाठी ती बाई सात-आठ महिने फेऱ्या मारत होती. दहा वर्षं कुणी न मागितलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होतात. त्या नंतरही मागता येतात, आणि २०२३ पासून त्या शोधायला ‘उद्गम’ नावाचं पोर्टल आहे. पण आपलं काही आहे हे माहीत असलेलाच माणूस शोधतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवीला चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात. तुमच्या यजमानांच्या खात्यांवर आज कुणाचं नाव आहे, ते त्या संध्याकाळी बघा. लग्नाआधी उघडलेल्या पगाराच्या खात्यावर बहुतेक वेळा आईचंच असतं आणि बदलायचं राहून गेलेलं असतं. त्यावरून रुसू नका, फॉर्म भरा.

सुनावणीला जाताना नोटीस, खातेउतारा, पगारपत्रक आणि भावाने लिहून दिलेला कागद, प्रत्येकाच्या दोन प्रती घ्या. ते ‘तू कशाला येतेस’ म्हणतील. तरी जा. बाहेर बाकावर बसलात तरी चालेल.

आईच्या नावावरची ठेव कधी पुरी होते आणि तिच्यावर नॉमिनी कोण आहे, हे पत्रात राहून गेलंय. ते कळवा. मुदत जवळ आली असेल तर मोडायची घाई करायला नको, व्याज कापलं जाईल.